चौथा आवाज

गल्लीत तिला जिभेची मास्तरीण म्हणत. नाव कुणीतरी चेष्टेने ठेवलेलं, पण तिला ते मनातून आवडायचं. तिचं कामच तसं होतं. परदेशी नोकरीला निघालेल्या नर्स, ड्रायव्हर, हॉटेलात वाढपी म्हणून जाणारे तरुण यांना ती इंग्रजी ऐकायला शिकवायची. बोलता सगळ्यांना थोडंफार येई. पण विमानातून उतरल्यावर समोरचा माणूस तोंड उघडू लागला की भल्याभल्यांची पाचावर धारण बसे. कारण इंग्रजी म्हणजे खटल्याचं घर आहे. एका बेटाच्या उत्तरेला 'बस'ची 'बुस' होते, समुद्रापलीकडचे 'र' तोंडात गोळीसारखा घोळवतात, आणि पार दक्षिणेकडच्या देशात 'डे' म्हणायचं तिथे 'डाय' म्हणून मोकळे होतात. नवख्याने कुणाच्या तालावर मान डोलवायची?

एका शिवणदुकानाच्या वरच्या खोलीत तिचा वर्ग भरे. खालून मशीनची घरघर यायची, म्हणून ती स्पीकर मोठा ठेवी आणि मोबाईलवरून चार आवाज ऐकवी. पहिले तीन त्या त्या मुलखातल्या माणसांचे. ते ऐकून कोण कुठला हे ओळखायचं. "यात बरोबर-चूक काही नसतं," ती बजावून सांगे, "हा प्रादेशिक फरक आहे. त्याचा मान ठेवायचा."

मग चौथा आवाज लागे आणि नियम बदले. आता उच्चार चुकला की हात वर करायचा. "व्हेलकम सर, व्हेलकम. युवर रूम इज व्हेटिंग," असं तो आवाज मोठ्या अगत्याने सुरू होई, आणि वाक्य संपायच्या आत अर्धा वर्ग हात वर करून बसलेला असे. जिथे ओठ गोल करायचे तिथे या माणसाचे दात ओठांवर. पोरं हसायची, तीही हसायची. दुपारच्या वर्गाची मरगळ त्या एका आवाजाने पळून जाई.

एकदा एका नर्सने विचारलं होतं, "मॅडम, हा चौथा कुठल्या भागातला?"

"कुठल्याच नाही," ती म्हणाली. "हे नुसतंच चुकीचं आहे."

चौथा आवाज तिच्या वडिलांचा होता.

खाल्ल्या घरचे वासे मोजणारे पुष्कळ असतात, पण ते स्पीकरवर लावून मोजणारी ही एकटीच. वडिलांनी उभा जन्म स्टेशनजवळच्या एका लॉजच्या काउंटरवर काढला. देशोदेशीचे प्रवासी यायचे, आणि त्यांच्याशी बोलता बोलता त्यांनी इंग्रजी उचललं. घरी आले की तेच लेकीला द्यायचे. ती एवढीशी असताना तिला स्टुलावर उभी करून स्वतः पाहुणा व्हायचे, आणि ती काउंटरवरचा बाबा व्हायची. आज ती ज्या भाषेवर पोट भरत होती, तिचा पहिला शब्द तिला असा मिळाला होता.

"वर्गासाठी तुमचा आवाज हवाय बाबा," एवढंच ती म्हणाली होती. कशासाठी, ते तिने सांगितलं नाही आणि त्यांनी विचारलं नाही. बसून आवाज दबतो म्हणून म्हातारा उभा राहून बोलला. मग न्हाव्याकडे, भाजीवाल्याकडे, दवाखान्याच्या बाकावर, जिथे बसतील तिथे ते सांगत सुटले, "आमच्या पोरीच्या वर्गात माझा आवाज लावतात. पोरं ऐकून शिकतात." अंगावर मूठभर मांस चढलं होतं त्यांच्या. ती खोटं एक अक्षरही बोलली नव्हती. नुसती गप्प राहिली होती. पण त्यांनी कौतुकाने ते सांगितलं की तिला पायाखालची फरशी बघत बसावंसं वाटे.

"एकदा येतो की गं तुझ्या वर्गात. पोरांना भेटतो," ते म्हणायचे. आज परीक्षा आहे, उद्या स्पीकर बिघडलाय, परवा जिना धुतलाय. कारणांना काय तोटा?

एका दुपारी ते न सांगताच आले. डोळे तपासायला त्या बाजूला गेले होते. जिना चढून दम लागला होता, तरी दारात उभे राहून त्यांनी हसत सुरुवात केली, "गुड आफ्टरनून. व्हेलकम टू यू ऑल. आय ॲम व्हेरी हॅपी..."

पहिल्याच शब्दाला वर्गाने आवाज ओळखला. आणि सवयीचा परिणाम म्हणा, पुढच्या बाकावरच्या ड्रायव्हरचा हात वर गेला. मागोमाग आणखी दोन. मग पाच-सहा.

"हात खाली," असं म्हणायचं सोडून ती स्पीकरचं बटण फिरवत बसली.

वडील मात्र खुलले. "असू दे, असू दे. विचारा ना. तुम्ही विचारा आधी," त्यांनी ड्रायव्हरकडे बोट केलं.

तो बिचारा उठून उभा राहिला. "प्रश्न नाही काका. चूक झाली की आम्ही हात वर करतो."

"कुठली चूक?"

नर्सने हळूच सांगितलं, "वेलकम म्हणताना दात लावायचे नाहीत काका. ओठ गोल करायचे, शीळ घालताना करतो तसे."

वडिलांनी तिथल्या तिथे ओठ गोल करून पाहिले. नाही जमलं. मग लेकीकडे वळून विचारलं, "टेपमध्येही मी असंच बोललोय?"

"हो," ती म्हणाली.

वर्गाकडे वळून त्यांनी हात जोडले. "माफ करा पोरांनो. माझं ऐकून तुम्ही चुकीचं शिकत बसलात. हिने भिडेखातर सांगितलं नसेल मला. परमुलखात माझ्यामुळे तुम्हाला कुणी हसायला नको."

सगळा वर्ग तिच्याकडे बघत होता. ड्रायव्हर तर रडवेला झाला होता. खरं काय ते त्या खोलीत एका माणसाला सोडून सगळ्यांना ठाऊक होतं, आणि सांगायचा मान तिचा होता. धरणी पोटात घेईल तर बरं, असं तिला झालं.

"आज इथेच थांबू," ती म्हणाली आणि स्पीकरची वायर गुंडाळू लागली.

घरी जाताना ते वाटेने पुटपुटत होते. चपलांच्या दुकानासमोर थांबून त्यांनी काचेत आपले ओठ नीट बघून घेतले. ती अर्धं पाऊल मागे चालत होती. सत्तरीचा माणूस भर रस्त्यात शीळ घातल्यासारखं तोंड करतो, तेव्हा येणारे-जाणारे बघतातच. त्यांनाही लाज वाटत असेल, पण तिच्या वर्गासाठी ती लाज त्यांनी बाजूला ठेवली होती. आपण त्यांचं म्हातारपणी हे काय करून ठेवलं, हा विचार तिला सोडेना.

चहा झाल्यावर ते म्हणाले, "तो जुना आवाज पुसून टाक आणि नवा घे." ती नको म्हणाली तर त्यांनी स्वतःच मोबाईल पुढे सरकवला आणि उभे राहिले. तिने बटण दाबलं. एकेक शब्द तोलत, घाबरत ते बोलले. "वेलकम सर, वेलकम." अगदी बरोबर. बरोबर होतं आणि त्यात बाबा कुठेच नव्हते.

"जमलं?" त्यांनी विचारलं.

तिने रेकॉर्डिंग बंद केलं. "बाबा, बसा जरा. तुमचा आवाज बरोबर म्हणून लावत नव्हते मी. चुका दाखवायला लावत होते."

ते बसले नाहीत. त्यांनी खुर्चीच्या पाठीवर हात ठेवला.

"म्हणजे पोरं चुकीचं नाही शिकली?"

"नाही."

"मग बरं झालं," ते म्हणाले. पण ओठ अजून तसेच गोल धरलेले होते, सोडायचं राहून गेल्यासारखे. "हसायची का?"

"हो."

"आणि तू?"

खोटं बोलायला तोंडात आलेलं सगळं तिने गिळलं.

"मी सगळ्यांच्या आधी हसायचे, बाबा," ती म्हणाली.