करडईवाल्या काकूंचा अंगठा

सेवा केंद्रातल्या छोट्या मशीनवर माझ्या काकू अंगठा ठेवत होत्या. ठसा उमटला नाही की अंगठा पदराला पुसायचा, फुंकर घालायची आणि पुन्हा ठेवायचा. त्याशिवाय करडईचं सरकारी अनुदान खात्यात येणार नव्हतं.

"काकू, अंगठा घरी विसरलात का?" केंद्र चालवणारा भास्कर हसला.

"करडईच्या रानात राहिला बघ," काकू म्हणाल्या.

खरंच होतं ते. हाताला फडकं गुंडाळलं तरी करडईचे काटे बोटांत शिरतातच. वर्षानुवर्षं टोचून टोचून त्यांनी काकूंच्या अंगठ्यावरच्या रेघाच पुसून टाकल्या होत्या. घरातला पहिला पदवीधर मी, तोही याच करडईवर झालो.

"तू एवढा शिकलास, सांग की ह्याला, मीच हाय म्हणून!"

मी सांगितलं.

"मला ठाऊक आहे हो," भास्कर ओशाळला. "आमच्या घरात तेल काकूंचंच असतं. पण मशीनला कसं सांगू?"

आमच्या गावात माणूस खोकल्यावरूनही ओळखू येतो. तेवढं आता पुरत नाही.

काकूंनी डावा अंगठा पुसायला घेतला. करडई उपटायला दोन्ही हात लागतात, हे मला माहीत होतं.