चिंतूने आणलेले मांगूर

मासवणजवळच्या पाड्यावर चिंतूएवढा हौशी माणूस दुसरा नव्हता. बोईसरला कामाला गेला की रिकाम्या हाताने परतणे त्याला कमीपणाचे वाटे. तीन वर्षांपूर्वी तिथल्या एका मत्स्यतळ्यातला गाळ उपसून तो घरी आला, तो डब्यात दहा जिवंत मांगूर घेऊनच. परदेशी जात, भलती चिवट. पाण्याबाहेरही तासन्‌तास तग धरणारी. त्याने ते थाटात पाड्याच्या तळ्यात सोडले. पुढच्या साली हातभर लांबीचे मासे गळाला लागू लागले आणि पाड्याने चिंतूला डोक्यावर घेतले.

पावसाळ्यात वलगण लागते. मासे अंडी घालायला ओढ्यातून भातखाचरांत चढतात. मांगूरही चढले. पाणी संपले तिथे ओल्या गवतातून सरपटत पुढच्या खाचरात गेले. मळे, मुऱ्या असले गावठी मासे, बेडकांची पिल्ले, समोर येईल ते गट्ट. यंदा चिंतूच्या बायकोने, पारूने, बांधाला सापळा लावला तर आत दोन मिशाळ मांगूर, बाकी काही नाही. चिंतूला कोणी बोलले नाही. बोलले असते तर बरे झाले असते, इतकी त्याला स्वतःची लाज वाटत होती.

त्याच आठवड्यात चिंतूची थोरली बहीण साखरबाई डोंगरापलीकडून आली. दरवर्षी वलगणीला ती माहेरचे मळे खायला येई. पारूने मांगराचे कालवण वाढले. तिने ते भाताबरोबर संपवले.

हात धुतल्यावर चिंतूने मनातला बेत सांगितला. उन्हाळ्यात तळे आटले की चिखलातले मांगूर एकूण एक काढायचे, आणि साखरबाईच्या नाल्यातले मळे आणून सोडायचे. बोलताना त्याला कितीतरी दिवसांनी हुरूप आला होता.

“तुमच्याकडं मळे हायत ना, बाय?”

साखरबाई पदराला हात पुसत राहिली. “दोन सालं झाली. जाताना तू मला चार मांगूर दिलेस.”

“कालवणाला दिलं होतं.”

“घरी गेले तवा जित्ते होते रं. माहेरचे मासे, मला कापवंना. नाल्यात सोडले. आता आमच्याकडंबी मळे नाय.”

वाटेत मरू नयेत म्हणून ते मासे ओल्या गोणपाटात चिंतूनेच गुंडाळून दिले होते.