भूलवाल्या बाईंचा प्रश्न

भूलवाल्या बाई ऑपरेशनआधी असं काही विचारायच्या की नातेवाईक खाली बघायचे. "यांच्या शेजारी रात्री कोण झोपतं? त्यांनाच आत पाठवा." कळंबच्या आमच्या दवाखान्यात भूल द्यायला त्या स्कूटीवरून यायच्या. मी तिथली थिएटरची सिस्टर. सुरुवातीला मलाही तो आगाऊपणा वाटला होता.

"घोरणं म्हणजे गाढ झोप नव्हे," त्या चिडून सांगायच्या. "घसा मिटतो, श्वास अडतो, मग माणूस दचकून परत घेतो. भुलीनंतर, दुखण्याच्या इंजेक्शननंतर ते दचकणंच राहत नाही."

सर्जन घड्याळ बघायचे. "मॅडम, व्याख्यान नंतर."

"नंतर ऐकायला पेशंट असेल का?"

एकदा हर्नियाचा पेशंट आला. जाड मानेचा, बाकावर बसल्या बसल्या डुलक्या घेणारा. फॉर्म भरायला थोरला भाऊ. "ह्याला कायबी न्हाय. लई गाढ झोपतो. ट्रॅक्टर चालू केल्यावानी घोरतो!" आणि स्वतःच हसला. बाईंनी त्याला बाहेर काढून पेशंटच्या बायकोला बोलावलं. पदर तोंडाशी धरून ती म्हणाली, "मधीच श्वास बंद पडतो. म्या हलवते, मग घेत्यात."

"रोज?"

"व्हय. म्या जागीच असते."

बाईंनी ऑपरेशन थांबवलं. आधी झोपेची तपासणी, मग बघू. हर्निया कुठं पळून जात नाही. भाऊ भडकला, "बाईमाणसाच्या सांगण्यावर डॉक्टरकी चालती व्हय?" आणि पेशंटला दुसऱ्या गावी घेऊन गेला. तिथं कुणी काही विचारलं नाही.

ऑपरेशन नीट झालं. दुपारी तो वॉर्डात उताणा पडून घोरत होता. भाऊ कॉटजवळ बसला आणि भावजयीला त्यानं व्हरांड्यात पाठवलं. घोरणं थांबलं तेव्हा त्याला वाटलं, आता कुठं निवांत झोप लागली. त्यानं उठवलं नाही.

हे तिनंच महिन्याभरानं येऊन बाईंना सांगितलं. "म्या आत असते तर हलवलं असतं." बाई तिचा हात धरून बसल्या.

ती गेल्यावर सर्जन म्हणाले, "सुटलो बुवा. आपल्याकडं झालं असतं तर?"

"आपल्याकडं मी तिला आत बसवलं असतं," बाई म्हणाल्या, बॅग उचलली आणि निघून गेल्या. पुन्हा आल्या नाहीत. सर्जनांनी बोलावलंही नाही.

त्या भावाचा मला राग येतो, सर्जनांचाही येतो. पण बाई निघाल्या तेव्हा मी तिथंच उभी होते. पुढच्या ऑपरेशनची हत्यारं मांडत होते. मांडतच राहिले.