मॅडमवर आमची पाळत

किस्से गोळा करायला मला कुठं जावं लागत नाही. हापशीवर पाण्याचा गुंड भरेस्तोवर एक मिळतो, घरी पोचेस्तोवर त्याला दुसरा चिकटतो. आमच्या शाळेचे तर इतके साचलेत की कोणता आधी सांगू तेच कळत नाही. पण सगळ्यांच्या बुडाशी भीती एकच आहे. आमच्या मॅडमला कोणी घेऊन जाईल!

माझी परी पहिलीचं अख्खं वर्ष शाळेत मुकी बसली. मग या मॅडम आल्या, तिच्याशी आमच्या घरची गोंडी भाषा बोलल्या आणि पोरगी वाचायला लागली. याआधीचे सरही असेच चांगले होते. चांगले म्हणून नाव झालं, नाव झालं म्हणून तालुक्याला गेले. तेव्हापासून शाळेपुढं जीप थांबली की मी चूल सोडून बाहेर येते.

*

मॅडमला गडचिरोलीला ट्रेनिंगला बोलावलं. शिक्षक नेतृत्वाचं, पाच दिवसांचं! मॅडम म्हणाल्या, "मी इथेच राहणार हो. फक्त आजूबाजूच्या शाळांतल्या शिक्षकांना मदत करायची." मागचे सरही जाताना असंच काहीतरी म्हणाले होते.

बस गेल्यावर मी मॅडमच्या घरमालकिणीला गाठलं. "बाई, खिडकीतून पाहा बरं, कुकर हाय का? कुकर ठेवून कोणी कायमचं जात नाई."

ती पाहून आली. "हाय कुकर."

माझा जीव भांड्यात पडला.

"पण शिट्टी नाई!"

पाच दिवस मला घास गेला नाही. सहाव्या दिवशी मॅडम बसमधून उतरल्या आणि मी रामराम न घालताच विचारलं, "शिट्टी?"

त्यांनी पर्समधून काढून दाखवली. "खराब झाली होती, नवी आणली. पण तुम्हाला कसं कळलं?"

मी म्हटलं, "मले काय विचारता? अख्ख्या गावाले माहीत हाय!"

*

आल्या आल्या मॅडमनी नवीनच काढलं. आयांनी वर्गात येऊन शिकवायचं!

सुमनबाई आमच्या शाळा समितीच्या अध्यक्ष. त्यांनी मला बाजूला घेतलं. "परीची माय, इच्यात काहीतरी हाय. आपल्याले शिकवाले लावन अन् सोता निघून जाईन. पाह्यजो!"

तरी गेल्या. पायली घेऊन गेल्या आणि तिसरीच्या पोरांना धान मोजायला शिकवलं. पोरांनी टाळ्या वाजवल्या.

दुसऱ्या दिवशी कोणी बोलावलं नव्हतं. सुमनबाई इस्त्रीची साडी नेसून दारात उभ्या. "मॅडम, आज माहा तास किती वाजता हाय?"

*

मग एका शनिवारी दुसऱ्या शाळांचे शिक्षक मॅडमचा वर्ग पाहायला आले. मी परीचा डबा द्यायच्या बहाण्यानं दारातच बसले. डबा रिकामा होता.

एक सर भिंतीवरच्या तक्त्यांचे फोटो काढत होते. मी विचारलं, "काऊन काढून राह्यले फोटो?"

"आमच्याही शाळेत असंच करायचं आहे, ताई."

"करा ना बापा! फोटो न्या, तक्ते न्या, लागन तं भिंत न्या. मॅडम नेऊ नका!"

*

संशय एकट्या आम्हालाच नव्हता. मुख्याध्यापक गुरुजींना वाटलं, ही बाई आपली खुर्ची घेणार. त्यांनी खुर्चीच्या पाठीवर पेंटनं आपलं नाव लिहून टाकलं.

मॅडमनी पाहिलं आणि म्हणाल्या, "गुरुजी, काय अक्षर आहे! हे तर सगळ्या शाळांतल्या मुलांना शिकवायला पाहिजे."

आता गुरुजी दर शुक्रवारी पिशवीत खडू भरून या शाळेतून त्या शाळेत फिरतात. खुर्ची रिकामी असते.

रिकामी म्हणजे, तिच्यावर सुमनबाई बसतात!

*

आणि मागच्या महिन्यात खरीच जीप आली. शिक्षण खात्याचे मोठे साहेब. मॅडमचं काम कसं आहे ते त्यांना आयांकडूनच ऐकायचं होतं.

आमचं हापशीवर आधीच ठरलं होतं. कौतुक करायचं नाही! कौतुक केलं की माणूस जातो.

साहेबांनी मॅडमला बाहेर थांबायला सांगितलं. "बोला ताई, कशा आहेत तुमच्या मॅडम?"

सुमनबाई म्हणाल्या, "काई खरं नाई, साहेब. पोट्टे घरी येऊन प्रश्न विचारते. कामच होऊ देत नाई."

मागून एक आजी म्हणाल्या, "माहा नातू तापात बी शाळेत पळते. काय जादू केली त काय मालूम!"

मीही जोर लावला. "माही पोरगी पयले कशी चूप राहे. आता बोलणं थांबतच नाई. लय बिघडवली!"

साहेब सगळं लिहून घेत होते. त्यांनी पेन बंद केला. "एवढा त्रास असेल तर मी उद्याच दुसऱ्या शाळेत पाठवतो त्यांना."

 सुमनबाईंनी मला कोपरानं ढोसलं. मी उभी राहिले.

"नको साहेब! दुसऱ्या गावच्या पोरायचं काऊन नुकसान करता? राहू द्या इथीच. आम्ही सुधरवतो तिले!"

साहेबांनी चष्म्यावरून पाहिलं. "किती दिवस लागतील सुधरवायला?"

"माही पोरगी दुसरीत हाय, साहेब. शाळा सातवीवरी हाय. तेवढं तं लागनच!"