आनंदाच्या खिशातली पाचर

कोल्हापूरच्या कोर्टाच्या व्हरांड्यात दिनकर खोताचा डोळा लागतो, तेव्हा भर दुपारचे अडीच वाजलेले आहेत. पुकारा अजून व्हायचा आहे. कंपनीच्या वकिलांनी त्याची साक्ष चार वेळा घोटून घेतली आहे: पत्रा दाबायच्या प्रेसच्या बटणात लाकडी पाचर मारली ती आनंदा चौगुलेनंच, सुपरवायझरचं, म्हणजे दिनकरचं, न ऐकता. समोरच्या बाकावर आनंदाची बायको वैजयंता आहे. भरपाई तिला केव्हाच मिळाली. बाई अडून बसली आहे ती अपघाताच्या अहवालातल्या एका ओळीवर. 'कामगाराच्या स्वतःच्या चुकीमुळे मृत्यू', ही ओळ खोडा, म्हणते. दिनकरला तिच्याकडे बघवत नाही, म्हणून तो डोळे मिटतो, आणि ते मिटलेलेच राहतात.

शेजारी कुणीतरी टेकतं.

"सरका की सायेब."

आनंदाच आहे. निळा डगला, कानामागे खडू. माणूस जाऊन तीन वर्षं झाली हे दिनकरला ठाऊक आहे, तरी तो निमूट सरकतो.

"जेवलास?"

"डबा वैजीकडं ऱ्हायलाय."

व्हरांड्याची फरशी तेलकट होत जाते. बाक आता प्रेससमोर आहे. कारखान्याच्या शॉपमधली सगळी यंत्रं चालू आहेत आणि आवाज कसलाच नाही. प्रेसला दोन बटणं, एकमेकांपासून हातभर लांब. दोन्ही एकदम दाबल्याशिवाय तो खाली येत नाही, म्हणजे माणसाचे दोन्ही हात बाहेर राहतात. पण मग पत्रा कोण सरकवणार आणि शिफ्टचा आकडा कोण भरणार? म्हणून एका बटणात पाचर मारून ते दाबलेलंच ठेवायचं, ही तिथली रीत. नव्या माणसाला चहाची टपरी दाखवावी तशी तीही दाखवायचे.

"पाचर कुणी मारली?" आनंदा विचारतो. आवाजात राग नाही, त्याचंच दिनकरला वाईट वाटतं.

"मी. तू नगं म्हणत होतास. पत्रा अडकतोय, आत वाकायला लागतंय, आज नगं, म्हणालास."

"आणि काढली कुणी?"

"मीच. माणसं गोळा व्हायच्या आधी." दिनकर डगल्याच्या खिशाकडे बोट दाखवतो. "काढून तुझ्या खिशात घातली."

इतकी लाज त्याला तीन वर्षांत कधी वाटली नव्हती. प्रेस आता चौगुल्यांच्या स्वयंपाकघरात उभा आहे, ओट्याच्या जागी. आनंदा तिथंच भिंतीला टेकून बसतो.

"पोरगी विचारती, बाबाचं काय चुकलं. वैजीला सांगता येत न्हाई," तो म्हणतो. "दोनी हात ठेवा सायेब. असं. आता दाबा."

दिनकर दोन्ही तळवे बटणांवर ठेवतो आणि सगळं अंग टाकून दाबतो.

"दिनकर बाळू खोत हाजिर..."

तो जागा होतो. बाकाच्या कडेवरचे दोन बोल्ट त्याने तळव्यांखाली घट्ट दाबून धरले आहेत. हात उचलतो, तर दोन्ही तळव्यांवर लालभडक गोल उमटलेले, रुपयाएवढे. दारातून वकील खुणावत आहेत. दिनकर उठतो, पण चार पावलं उलट दिशेला चालून वैजयंतासमोर उभा राहतो.

"वहिनी, ती पाचर आनंदाची नव्हती. मी मारली होती. त्याच्या खिशात पण मीच घातली."

वैजयंता पदर सावरून उठते आणि दाराकडे हात करते.

"आत चला," ती म्हणते. "हे आत सांगा."