गच्चीवरची नक्कल

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. तुम्हाला सांगतोय — आणि सवयीने थोडं रंगवून सांगेन, तेवढं चालवून घ्या.

माझ्या बायकोला, सुलभाला, मायग्रेन. आधी डोळ्यांपुढे चमकत्या नागमोडी रेषा, मग अर्धं डोकं ठणकायचं, उलट्या, पडदे ओढून अंधार. आणि मी? मी त्याची नक्कल करायचो. भाईंदर पश्चिमेच्या आमच्या सोसायटीत पूजा असो की बारसं, माझा आयटम ठरलेला. कपाळाला ओढणी बांधायची, एक डोळा मिटायचा, "अहो, तो कुकर बंद करा" — लोक हसून लोळायचे. सुलभा सरबताचे ग्लास गोळा करत राहायची. तिचं तोंड पाहून मला आणखी सुचायचं. खोटं कशाला बोलू — मजा यायची.

डॉक्टरांनी मला समोर बसवून सांगितलं होतं. नेहमीचं दुखणं वेगळं. पण एकदम, कधी नव्हे इतकं दुखलं, जीभ जड झाली, हात बधिर झाला, तर गोळी देऊन वाट बघू नका. तडक हॉस्पिटल गाठा. मी मान डोलावली. घरी येऊन त्यांचीही नक्कल केली.

सत्यनारायणाच्या दुपारी, गच्चीवर मी रंगात आलेलो, तेव्हा सुलभा माझ्या कानाशी आली. "अहो, हे नेहमीचं नाही. हात... हात कळत नाहीये." शब्द एकमेकांत अडकत होते. मला कळलं नाही का? कळलं. डॉक्टरांचं वाक्य जसंच्या तसं आठवलं. आणि मी काय केलं — ते अडकणारे शब्द लोकांना करून दाखवले. त्यांना वाटलं, मी नवी भर घातली.

"अरे, सेम टू सेम!" शेजारचे मेहताभाई टाळ्या पिटत म्हणाले.

एवढा हशा मला कधी मिळाला नव्हता. तो सोडून खाली कोण जाणार? तिला म्हटलं, जा, गोळी घे आणि पड. शेवटची पंगत उठेपर्यंत मी गच्चीवरच होतो.

ती स्वयंपाकघरात लादीवर सापडली. मुठीत गोळ्यांची पट्टी. एकही गोळी तिला बाहेर काढता आली नव्हती.

हॉस्पिटलात विचारलं, कधीपासून होतंय, काही म्हणाल्या होत्या? मी म्हणालो, नाही हो, काहीच बोलली नाही.

आता तिचा उजवा हात मांडीवर पडून असतो. वाचा गेली. कळतं मात्र सगळं. भेटायला येणारे विचारतात, हे झालं कसं? मी सांगतो — छान सांगतो, योग्य जागी थांबत — की बिचारी एका शब्दानं बोलली नाही.

ती समोरच बसलेली असते.