कुरुंद्याला आलेले जपानी खासदार

"त्यांना काय कळलं, ते आधी विचारा."

जपानी साहेबांचं हे वाक्य त्या दोन दिवसांत मी किती वेळा ऐकलं, सांगता येणार नाही. ते बोलायचे, मी मराठीत सांगायचे, आणि लगेच त्यांचं बोट समोरच्या माणसाकडे जायचं. त्यानं काय ऐकलं ते त्याच्याच तोंडून वदवायचं आणि मग मी ते पुन्हा जपानीत सांगायचं. जुळलं तरच पुढचं वाक्य. पुण्यात मी सहा वर्षं दुभाषी म्हणून काम केलं, पण माझ्यावर इतका उघड संशय कुणी घेतला नव्हता.

मी मूळची कुरुंद्याची. नोकरी सोडून गावी आले होते, तेव्हा एका कंपनीनं मला बोलावलं. त्यांना आमच्याकडे हळदीचा कारखाना काढायचा होता. भागीदार जपानी, म्हणून तिकडचे एक जुने खासदार जागा पाहायला येणार होते. जागा म्हणजे गावाजवळच्या तांड्याची शेतं.

साहेब सत्तरी ओलांडलेले, बारीक, ताठ. चहा आला की आधी माझ्याकडे बघायचे. मी घोट घेतला की मग ते घ्यायचे. हे तांड्यातल्या धुरपताबाईंच्या लक्षात आलं. त्यांनी सरळ साहेबांच्या हातातला कप घेतला, अर्धा चहा पिऊन टाकला आणि कप परत दिला.

"सांग त्येला, मेले न्हाई म्हणून."

मी सांगितलं. साहेब पहिल्यांदा हसले आणि उरलेला चहा प्यायले.

धुरपताबाई काही कमी संशयी नव्हत्या. त्यांचे आजे-पणजे बैलांवर माल लादून मुलूखभर फिरलेले. स्वतःचं रान त्यांच्या घराला फार उशिरा मिळालं होतं. "एवढ्या लांबून ह्यो म्हातारा हळद बघाय येतो व्हय?" त्या मला म्हणाल्या. "काहून आला, ते इचार. रान पाह्यजे का ह्येला?"

कंपनीचा माणूस माझ्या शेजारीच उभा होता, आणि त्याला थोडीफार जपानी कळायची. मी जपानीत म्हटलं, "आपल्या भेटीचा हेतू काय, असं त्या विचारतात."

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं, मग धुरपताबाईंकडे. "त्यांचा चेहरा एवढा सभ्य नाही," ते म्हणाले. "नीट सांगा."

माझे कान तापले. मग शब्दाला शब्द ठेवून सांगितलं.

साहेबांनी चष्मा काढला आणि धुरपताबाईंना स्वतःची हकिकत सांगायला लागले. लहान गावच्या पंचायतीतून ते वर चढले होते. दहा निवडणुका लढवल्या, दोन हरल्या, काही महिने मंत्रीही होते. तरुणपणी त्यांच्या भागात धरण होणार होतं. जमिनीच्या बदल्यात जमीन मिळेल, असं अधिकाऱ्यांनी सांगितलं. ते यांनी घरोघरी जाऊन लोकांना सांगितलं. कागद मात्र वाचला नव्हता. कागदात तसं काही नव्हतंच. गाव पाण्याखाली गेलं.

"ते धरण आणणारा म्हणूनच मी मोठा झालो," ते म्हणाले. "आणि तेव्हापासून मधल्या माणसावर विश्वास ठेवत नाही."

मधला माणूस म्हणजे इथं मीच होते.

मग ते पुढचं बोलले. "कंपनीला तुमचं रान विकत हवं आहे. विकू नका. भाडेपट्ट्यानं द्या, आणि कागद स्वतःच्या माणसाकडून वाचून घ्या."

कंपनीचा माणूस माझ्या कानाशी आला. "मॅडम, हे सांगायची गरज नाही."

सगळे माझ्याकडे बघत होते. मी काहीही सांगितलं असतं, तरी साहेब धुरपताबाईंना काय कळलं ते विचारणारच होते, हे खरं. पण तेही मीच जपानीत सांगणार होते. ठरवलं असतं तर दोन्हीकडे खोटं बोलता आलं असतं. साहेबांना ते माहीत असणारच. तरी ते शांत उभे होते.

मी सगळं सांगितलं.

"म्हंजे इकायचं न्हाई," धुरपताबाई हळूच म्हणाल्या. "बराबर?"

"बराबर," मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी डोंगरकडा या गावी साहेबांनी तीच हकिकत सांगितली. त्याच वाक्यावर चष्मा काढला. माझ्या मनात पाल चुकचुकली. परतताना गाडीत मी विचारलं, "हे सगळं खरं आहे का?"

"खरं आहे," ते म्हणाले. "पण फार वेळा सांगितलंय. आता मलाही शंका येते." आणि हिंगोली येईपर्यंत खिडकीबाहेर बघत राहिले.

कारखाना दुसऱ्या जिल्ह्यात गेला. कंपनीनं मला पुन्हा बोलावलं नाही. गावात काहीजण म्हणतात, म्हाताऱ्यानं वाचवलं. काहीजण म्हणतात, पोरांच्या नोकऱ्या घालवल्या. वर्षभरानं जपानमधल्या एका ओळखीच्या माणसानं मला लिहिलं की साहेबांच्या पक्षातला त्यांचा विरोधक या कंपनीच्या पाठीशी होता. पुढच्या निवडणुकीत साहेबांना उमेदवारी मिळाली नाही, आणि थोड्याच महिन्यांत ते वारले.

मी धुरपताबाईंकडे जाऊन सगळं सांगितलं. त्या वाळलेली हळद निवडत होत्या.

"मग ते खरं बोलले का राजकारण करून गेले?" मी विचारलं.

"दोन्हीबी केलं आसंल," त्या म्हणाल्या. "माझं रान तर ऱ्हायलं." मग हात थांबवून म्हणाल्या, "लेकरं व्हती का त्येला?"

मला माहीत नव्हतं. दोन दिवस मी त्यांच्या तोंडचा शब्द न् शब्द उचलला होता, आणि एवढं विचारायचं राहून गेलं होतं.

त्यांची आठवण आली की तांड्यावरून निघतानाचे साहेब दिसतात. गाडीपाशी ते वळले आणि धुरपताबाईंसमोर कमरेत वाकले. खूप वेळ वाकून राहिले. धुरपताबाईंनी मागं वळून पाहिलं, हा एवढा कोणासाठी वाकून राहिला म्हणून. मागं कुणीच नव्हतं.